कादंबरी कुठे अडली?

मागच्या अंकात आम्ही पुण्यातल्या वाचकांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या: सध्या कोणती कादंबरी वाचताय, आणि ती कुठे अडली आहे? आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. कादंबरी हातातून सुटली की वाचक स्वतःच्या चिकाटीला दोष देतो. खरी अडचण बहुधा वेगळीच असते. गोष्ट कोण सांगतंय, कुठे उभं राहून सांगतंय आणि कोणत्या बोलीत, हे सुरुवातीच्या पानांत नीट धरलेलं नसतं. उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न : ‘कोसला’ तिसऱ्यांदा हातात घेतली आहे. सगळे थोर म्हणतात. मला ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांचा वैताग येतो आणि पन्नास-साठ पानांपुढे जाववत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, डेक्कन जिमखाना

उत्तर : वैताग येतोय म्हणजे तुमचा कान जागा आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीनं काढली, पण तिच्यात बोलतो तो लेखक नव्हे. बोलतो पांडुरंग सांगवीकर, खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला आणि हात हलवत गावी परतलेला पंचविशीचा मुलगा. त्याच्या ‘उदाहरणार्थ’पुढे बऱ्याचदा उदाहरण नसतं, ‘वगैरे’च्या आधी यादी नसते. शहरानं, कॉलेजानं, सभा-संमेलनांनी शिकवलेले हे शब्द त्याला पोकळ वाटतात आणि तो ते पोकळ करूनच वापरतो. हे शब्द डोळ्यांनी गाळून वाचले की वाक्याचा ताल मोडतो आणि हाती फक्त एक कुरकुरा मुलगा उरतो. तुमचं बहुधा तिथेच बिघडतंय.

उपाय सोपा आहे. पहिली दहा-बारा पानं मोठ्यानं वाचा, सपाट आवाजात, अजिबात अभिनय न करता. त्यातला विनोद आणि त्याखालचं दुःख दोन्ही कानाला लागतात. कथानकही शोधत बसू नका. कादंबरीचे सहा भाग आहेत आणि सांगण्याची रीत मधूनमधून बदलते, डायरीसारख्या नोंदीही येतात. एखादा भाग अर्ध्यावर सोडून आठवडाभर थांबलात तर पुन्हा सूर लागायला वेळ जातो, म्हणून थांबायचंच तर भाग संपल्यावर थांबा. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत मात्र नक्की पोहोचा. आधी ज्या भाषेचा वैताग आला, ती तिथे कशी वागते ते पाहा. तिथेही काही हललं नाही, तर पुस्तक खुशाल मिटा.

प्रश्न : ‘हिंदू’ दोनदा शंभर पानांपर्यंत गेली. माणसं इतकी येतात की लक्षात राहत नाहीत. यादी करून वाचू का?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : यादी करू नका. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो मोरगावला परत निघतो, एवढा एकच दोरा हातात धरा. बाकी सगळं थरांनी येतं. उत्खननात खापराच्या प्रत्येक तुकड्याला नाव नसतं, तसंच इथल्या प्रत्येक माणसाला लक्षात ठेवायचं नसतं. महत्त्वाची माणसं परत येतातच. रोज वीस-पंचवीस पानं पुरेत. सहाशे पानांची कादंबरी आहे, महिना लागणारच. ‘हिंदू’ही नेमाड्यांचीच, म्हणून ‘कोसला’ वाचली नसेल तर आधी ती घ्या.

प्रश्न : उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचायला घेतली. घरी सगळे पुणेरी बोलणारे, वऱ्हाडी कुणालाच येत नाही. दर ओळीला मोबाइलवर शब्द शोधावा लागतो. पुढे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ वाचायची आहे, तिथेही हेच होणार का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आलेल्या पत्रांत आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटलेला प्रश्न हा. बोलीतल्या कादंबऱ्या पुण्या-मुंबईचे वाचक याच कारणानं सोडतात आणि मराठी कादंबरीच्या मोठ्या ऐवजाला मुकतात.

शब्द शोधण्याआधी बोलीची चार-पाच वळणं शिका. वऱ्हाडीत ‘मला, तुला, त्याला’ यांचं ‘मले, तुले, त्याले’ होतं. ‘माझा, तुझा’चं ‘माहा, तुहा’ होतं. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा म्हणजे डोया, जवळ म्हणजे जवय, काळा म्हणजे काया. ‘का’ला ‘काहून’, ‘कशाला’ला ‘कायले’, शेताला ‘वावर’. आणि एक वळण असं आहे की तिथे पुणेकर हमखास फसतो. वऱ्हाडीत ‘तो येईल’ हे ‘तो येईन’ असं बोललं जातं. प्रमाण मराठीत ‘येईन’ म्हणजे ‘मी येईन’, त्यामुळे कोण येणार आहे हेच उलटं कळतं आणि पुढचा संवाद निरर्थक वाटू लागतो. क्रियापदावरून कर्ता ठरवू नका, आधीचं वाक्य कुणाचं होतं ते पाहा.

एवढं डोक्यात ठेवून पहिली वीस पानं मोठ्यानं वाचा. डोळ्याला परका दिसणारा शब्द कानाला बऱ्याचदा ओळखीचा लागतो. ‘डोया’ लिहिलेला पाहून आपण थबकतो, ऐकला की संदर्भानं कळतो. तरीही न कळलेले शब्द मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहा, पंधरापेक्षा जास्त नकोत. तेवढे शब्द झाले की यादी थांबवा आणि वाचत राहा. दर ओळीला मोबाइल उघडला तर अर्थ मिळतो, पण नायिका कौतिकचा आवाज तुटतो, आणि ‘धग’ उभी आहे ती कौतिकच्या आवाजावर आणि तिच्या न थकणाऱ्या हातांवर.

शोधायचंच तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहा. पुण्यात १९३२ पासून खंडाखंडानं निघालेल्या या कोशात प्रादेशिक शब्दांपुढे खुणा आहेत: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (कु.) म्हणजे कुडाळी, (राजा.) म्हणजे राजापुरी. तो आता इंटरनेटवरही शोधता येतो. साध्या खिशातल्या कोशात हे शब्द बहुधा नसतात.

‘पाचोळा’चं दुखणं थोडं वेगळं आहे. ‘धग’मध्ये बोली बहुतांशी माणसांच्या तोंडी येते, तर १९७१ सालची ‘पाचोळा’ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत शिंप्याच्या बायकोच्याच मराठवाडी बोलीत सांगितली आहे. प्रमाण भाषेचा विसावा मध्ये कुठेच मिळत नाही. पण पुस्तक छोटं आहे. पहिली तीस पानं एका बैठकीत वाचली की कान बसतो. तीच पानं पाच-पाच करून सहा दिवसांत वाचली तर रोज नव्यानं सुरुवात केल्यासारखं होतं. म्हणून बोलीतली कादंबरी शनिवारी-रविवारी सुरू करावी, कामाच्या दिवशी नाही. पुढे कधी मालवणीत शिरलात तर ‘माका, तुका’ म्हणजे मला-तुला, ‘खंय’ म्हणजे कुठे, ‘कित्याक’ म्हणजे कशाला, ‘झिल’ मुलगा आणि ‘चेडू’ मुलगी, एवढ्यावर बरंच निभतं.

प्रश्न : सध्या ‘स्वामी’ वाचते आहे. ‘राऊ’ आणि ‘पानिपत’ आणून ठेवल्या आहेत. कोणत्या क्रमाने वाचाव्यात? शिवाय नावांचा फार गोंधळ होतो, आणि यातले खरे किती मानायचे?
— एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : हातातली ‘स्वामी’ आधी पुरी करा. पुढच्या वेळी काळाच्या क्रमानं वाचा: पहिल्या बाजीरावांची ‘राऊ’, मग ‘पानिपत’, मग पुन्हा थोरल्या माधवरावांची ‘स्वामी’. लिहिल्या गेल्या त्या उलट्यासुलट्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ ची. त्यामुळे एकातला राघोबा दुसऱ्यातल्या राघोबासारखा वागेल अशी अपेक्षा ठेवू नका.

नावांसाठी अर्ध्या पानाची वंशावळ करा आणि पुस्तकातच ठेवा. बाळाजी विश्वनाथांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजीअप्पा. बाजीरावांचे नानासाहेब आणि रघुनाथराव, मस्तानीपासून समशेरबहाद्दर. चिमाजीअप्पांचे सदाशिवराव. नानासाहेब आणि गोपिकाबाईंचे विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव. एवढी माणसं कागदावर आली की तिन्ही कादंबऱ्यांची घरं लागतात.

गोंधळ होतो तो मुख्यतः एका माणसाच्या अनेक नावांनी. राघोबा, रघुनाथराव, दादासाहेब हे एकच. भाऊसाहेब म्हणजे सदाशिवराव. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, आणि नाना फडणवीस हे अगदी वेगळे गृहस्थ. माधवराव दोन: थोरले (१७४५–१७७२) आणि नारायणरावांचे पुत्र सवाई (१७७४–१७९५). बाजीरावही दोन, बाळाजीही दोन. वंशावळीत प्रत्येकापुढे मृत्यूचं साल लिहा. कोण कुणाच्या दरबारात असू शकतं आणि कोण नाही, हे त्यावरून लगेच उलगडतं.

आता खरं किती ते. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई, त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर नानासाहेबांचा मृत्यू, सोळाव्या वर्षी माधवरावांना मिळालेली पेशवाई, काका-पुतण्यांचा झगडा, क्षय, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला आलेला मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं हा इतिहास आहे. रमा आणि माधवराव एकमेकांशी एकांतात काय बोलले हे कुठल्याही कागदात नाही. एक साधी कसोटी वापरा: खोलीत दोनच माणसं आहेत, तिसरा साक्षीदार नाही, पत्रही नाही, तर तो संवाद कादंबरीकाराचा. दरबार, लढाई, तह असेल तर पडताळून पाहता येतं. त्यासाठी गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ घ्या आणि कादंबरीतल्या प्रसंगाचं साल तिथे काढून पाहा. अस्सल कागदांचीच ओढ लागली तर तुमच्याच पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

भाषेबद्दलही सावध राहा. ‘स्वामी’तली माणसं जी घोटीव, हळवी मराठी बोलतात ती विसाव्या शतकातली आहे. पेशवेकालीन पत्रं मोडीत, फारसी शब्दांनी भरलेली आणि बरीच कामापुरती असतात. हे कळल्यानं कादंबरीची गोडी कमी होत नाही, लेखकानं काय कमावलंय ते दिसतं. वाचून झाल्यावर सोलापूर रस्त्यानं थेऊरला जाऊन या. पंचवीसेक किलोमीटरवर आहे. चिंतामणीच्या देवळापाशी शेवटची प्रकरणं आठवली की त्यांचं वजन कळतं.

प्रश्न : मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलते छान, वाचायला मात्र अडखळते. पहिली कादंबरी कोणती द्यावी?
— एक आई, औंध

उत्तर : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). लहान पुस्तक, छोटी वाक्यं, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर. त्यात संस्थानी काळ येतो तो साताऱ्याकडच्या औंधचा, तुमच्या औंधचा नव्हे, एवढं आधी सांगून ठेवा. दुसरी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). तिच्यातला मुकुंदही नववीतच आहे. मुलांच्या तोंडी मुलांचीच भाषा आहे, म्हणून आधी तुम्ही वाचा आणि मग हातात द्या. तिला पार्श्वभूमी आणीबाणीची आहे. २५ जून १९७५ ला ती जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ ला उठली, हे ठाऊक नसेल तर मोठी माणसं दबकून का बोलतात ते मुलीला कळणार नाही.

रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. सुरुवातीला पाच-सहा पानंच होतील. एक पान तुम्ही मोठ्यानं वाचा, पुढचं तिनं वाचायचं. अडखळणं बहुधा ‘द्ध’, ‘ह्य’, ‘ज्ञ’, रफार आणि ‘ऱ्या’ यांच्यापाशी असतं, अर्थापाशी नाही. तिथे शब्द तुम्ही सांगून टाका, फोड करायला लावू नका. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अनोळखी निघाले तर ते पुस्तक सहा महिने बाजूला ठेवा. शिवरायांची गोष्ट म्हणून ‘श्रीमान योगी’ पहिल्याच वेळी हातात देणं ही बऱ्याच घरांत होणारी चूक आहे. तिची जाडी पाहूनच मूल खचतं.

प्रश्न : ‘मृत्युंजय’ संपवली आणि आता उमा कुलकर्णींनी अनुवादलेली ‘पर्व’ चालू आहे. एका कादंबरीतला कर्ण दुसरीत सापडतच नाही. असे का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण यांना स्वतःच बोलायला लावलं आहे. माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा सूर उंचावतो, कवचकुंडलंही खरी वाटतात. एस. एल. भैरप्पांनी मूळ कन्नड ‘पर्व’मध्ये (१९७९) दैवी चमत्कार काढून घेतले आणि कुळ, नियोग, म्हातारपण, युद्धातली उपासमार आणि घाण उरू दिली. दोन्हींना एकच मोजपट्टी लावू नका. तुलना करायची तर कुंतीची करा, फरक तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

प्रश्न : खराडीहून हिंजवडीला रोज जातो. वाचायला वेळ नाही, म्हणून ऐकावे म्हणतो. आणि जुन्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरत असतात, त्या घ्याव्यात का?
— एक वाचक, खराडी

उत्तर : हिशेब करू. छापील पानावर साधारण २५० शब्द आणि वाचून दाखवणाऱ्याचा वेग मिनिटाला १२० शब्द धरला, तर अडीचशे पानांच्या कादंबरीला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात. जाऊन-येऊन दोन तास ऐकलंत तर चार-पाच दिवसांचं काम. वेग सव्वापटीच्या वर नेऊ नका, संवादांमधले विराम नाहीसे होतात. ऐकायला प्रथमपुरुषी निवेदनाच्या कादंबऱ्या चांगल्या. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ तशीच आहे, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापलं सांगतात. मागे-पुढे उड्या मारणाऱ्या कादंबऱ्या गाडीत ऐकल्या तर दोरा सुटतो.

पीडीएफचं म्हणाल तर आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन मोकळं झालेलं आहे, बिनधास्त उतरवून घ्या. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे ‘फकिरा’वरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. हयात लेखकांच्या फिरत्या फाइली घेऊ नका. मराठी कादंबरीची एक आवृत्ती खपायलाच पुष्कळ काळ जातो. ई-बुक विकत घेताना आधी नमुना पानं उघडा आणि ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘द्ध’ नीट दिसतात का ते पाहा. जुन्या फाँटवरून घाईनं बदललेल्या पुस्तकात नेमकी हीच अक्षरं फुटतात.

प्रश्न : सोसायटीत आठ जणांचा वाचनकट्टा सुरू करतोय. पहिल्या तीन कादंबऱ्या सुचवा.
— एक वाचिका, बाणेर

उत्तर : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९), सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) आणि कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५). पहिल्या दोन छोट्या आहेत, ‘ब्र’ला जास्त दिवस द्या. चार आठवड्यांनी भेटा, दीड तासापेक्षा जास्त बसू नका. ‘आवडली का’ या प्रश्नानं सुरुवात केली तर दहा मिनिटांत बोलणं संपतं. त्याऐवजी प्रत्येकानं एक परिच्छेद निवडून वाचून दाखवायचा आणि तोच का निवडला ते सांगायचं.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात एक जुनी कादंबरी घेतली. घरी आल्यावर कळले की पान १२८ नंतर थेट १४५ आहे. पाने गळालेली दिसत नाहीत, शिवणही पक्की आहे. हे कसे?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : एक अख्खा फर्मा बांधायचा राहून गेला आहे. पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या फर्म्यात छापून, घडी घालून, एकावर एक रचून शिवतात. रचताना एक फर्मा सुटला की बरोबर सोळा पानं जातात, आणि शिवण घट्ट असल्यामुळे चाळताना कळत नाही. कधी तोच फर्मा दोनदाही बसतो. जुनं पुस्तक घेताना १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे भराभर उलटून पाहा. शेवटच्या पानापर्यंत मिनिटभर लागतं. नवं पुस्तक असेल तर बिल दाखवून बदलून मिळतं.

तुमच्या प्रतीसाठी ग्रंथालयात तीच आवृत्ती शोधा. शीर्षकपानाच्या मागे ‘आवृत्ती’ आहे की ‘पुनर्मुद्रण’ ते पाहा. पुनर्मुद्रणात पानांचे आकडे सहसा तेच राहतात, नव्या आवृत्तीत टाइप बदलला की सरकतात आणि मग १२९ ते १४४ ची झेरॉक्स तुमच्या पुस्तकात बसत नाही. तुमच्या पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय (१९११) आणि त्याहून जुनं पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) इथे आधी विचारा. झेरॉक्स सेलोटेपनं चिकटवू नका, काही वर्षांत टेप पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. कडेला दोन-तीन मिलिमीटर पातळ खळ लावा, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. पुस्तकात कसर दिसली तर मऊ ब्रशनं झटका, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर उघडं ठेवा, आणि पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे ओढून ठेवा.